‘ओपन रिडायरेक्ट? त्यात काय एवढं!’

लिंकमध्ये दिलेल्या कुठल्याही पत्त्यावर साइट युजरला नीट न तपासता पाठवते, तो दोष म्हणजे ओपन रिडायरेक्ट. त्याबद्दल डेव्हलपरांच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरतो: ‘ओपन रिडायरेक्ट हा बग नव्हेच. ओवास्प या वेब-सुरक्षा संस्थेनं तो मोठ्या धोक्यांच्या यादीतून काढला, गूगल तो कळवणाऱ्याला बक्षीस देत नाही. युजरनं अ‍ॅड्रेस बार बघावा. फारच वाटलं तर लिंक आपल्या डोमेननं सुरू होते का ते तपासा, झालं.’ यातली पहिली दोन कारणं अर्धी खरी आहेत, म्हणून तर मेसेज पसरतो.

ओवास्पच्या 2013 च्या टॉप टेनमध्ये हा दोष दहावा होता, 2017 ला बाहेर गेला. पण सुमारे 8 टक्के अ‍ॅप्लिकेशनमध्ये तो सापडतो, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. जागा दहाच, आणि एक्सएक्सई (एक्सएमएल वाचतानाचा एक दोष) पुढे निघून गेला. 2021 च्या यादीत तो ‘ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल’ (कुणाला काय करता यावं यावरचा ढिला ताबा) या गटाच्या पोटात आहेच.

गूगल नुसत्या रिडायरेक्टला बक्षीस देत नाही, हे बरोबर. मात्र त्यातून दुसरा मोठा दोष उघडा पडत असेल तर कळवा, असंही तेच सांगतात. फॉरवर्ड करताना हे वाक्य बरं गळतं!

आता अ‍ॅड्रेस बार. ‘अमुक खात्यानं लॉगिन करा’ या बटणामागचा ऑथ सर्व्हर (ओळख पटवून युजरला साइटवर परत पाठवणारा) परतीच्या पत्त्याचं फक्त डोमेन तपासत असेल, तर हल्लेखोर तिथे तुमच्याच साइटवरचं रिडायरेक्ट पान देतो. जुन्या इम्प्लिसिट पद्धतीत टोकन, म्हणजे खात्यात शिरायची डिजिटल किल्ली, पत्त्यातल्या # (हॅश) च्या पुढे येतं, आणि ब्राउझर पुढच्या रिडायरेक्टला तो भाग सोबत नेतो. युजरची नजर बारकडे जाईपर्यंत टोकन परक्याच्या हाती. परतीचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळलाच पाहिजे, असं जानेवारी 2025 च्या आरएफसी 9700 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात बजावलंय ते यासाठीच.

उरली ती एका ओळीची तपासणी. खरी गंमत इथे आहे. ‘एचटीटीपीएस://आपलीबँक.कॉम’नं सुरुवात हवी? मग ‘एचटीटीपीएस://आपलीबँक.कॉम.चोर.कॉम’ पास. ‘एचटीटीपीएस://आपलीबँक.कॉम@चोर.कॉम’ही पास, कारण @ च्या आधीचा भाग ब्राउझर युजरनेम समजतो. बरं, फक्त स्लॅशनं सुरू होणारेच पत्ते घेऊ म्हटलं, तर ‘//चोर.कॉम’ही स्लॅशनंच सुरू होतो, आणि ब्राउझर त्याला परकी साइट समजून तिकडे जातो. दोन स्लॅश अडवले की ‘/\चोर.कॉम’ हजर, ब्राउझर उलट्या स्लॅशला सुलटाच मानतो. जँगोसारख्या मुरलेल्या फ्रेमवर्कची (साइट बांधायच्या तयार सांगाड्याची) तपासणीसुद्धा ‘एचटीटीपी:999999999’ असल्या आकडेवाल्या पत्त्याला फसली होती; एप्रिल 2017 मध्ये ती दुरुस्त झाली.

तुमचा कोड पत्ता एका पद्धतीनं वाचतो, ब्राउझर दुसऱ्या. स्ट्रिंग कितीही चाळली तरी ही फट राहतेच. त्यामुळे जमेल तिथे पत्ता घेऊच नका: ‘ऑर्डर’, ‘प्रोफाइल’ असा ठरलेला शब्द घ्या आणि पत्ता सर्व्हरवर शोधा. घ्यावाच लागला तर ब्राउझरच्याच नियमांनी चालणाऱ्या यूआरएल पार्सरनं (पत्त्याचे भाग सुटे करणाऱ्या कोडनं) तो सोडवून स्कीम (एचटीटीपीएस वगैरे), होस्ट (डोमेन) आणि पोर्ट (जोडणीचा क्रमांक) पूर्ण जुळवा, आणि रिडायरेक्टला वापरकर्त्याची मूळ स्ट्रिंग न देता पार्सरनं दिलेला पत्ताच द्या.