गांजाच्या पैशाचं छप्पर

वरोऱ्याहून फोन आला की मामांचा एक प्रश्न ठरलेला. "काहून रे बाबू, तुमच्याकडे गांजा विकून शाळा चालवते म्हणतात सरकार?"

चालवत नाही मामा, बांधते.

मी डेन्व्हरला राहतो, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात. कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये राज्याच्या घटनेत दुरुस्ती करून गांजा कायदेशीर केला आणि १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली. घाऊक मालावरच्या उत्पादन शुल्कातले दरवर्षीचे पहिले ४ कोटी डॉलर शाळांच्या बांधकामाला, हे त्या घटनादुरुस्तीतच लिहिलेलं. पुढे ही मर्यादाही काढली आणि ते शुल्क अख्खंच तिकडे वळवलं. ग्राहकाकडून १५ टक्के विक्रीकर घेतात तो वेगळा. त्यातला थोडा गावांना-शहरांना, बाकीच्यातला बराचसा आरोग्य, व्यसनमुक्ती असल्या कामांना.

आता घरातली गोष्ट. दर ऑगस्टला मुलीच्या शाळेकडून यादी येते: टिश्यूचे चार डबे, वाइप्स, पेन्सिली, सगळं पालकांनी आणायचं. शाळेच्या वाटेवर हिरव्या फुलीची, म्हणजे गांजाची, दोन दुकानं लागतात. शेजारचा पुणेकर दरवर्षी तणतणतो, "एवढा गांजा खपतो, मग टिश्यू आम्ही का आणायचे?" कारण शाळांकडे जाणाऱ्या त्या शुल्कातून छप्पर बदलतं, बॉयलर बसतो, मास्तरांचा पगार निघत नाही. राज्यातल्या निम्म्याहून अधिक शालेय जिल्ह्यांत आठवड्याला चारच दिवस शाळा भरते. राज्याचं बजेट ४ हजार कोटी डॉलरच्या घरातलं, त्यात गांजाचा कर शंभरात एक डॉलरही भरत नाही.

आणि तो आटतोय. २०२१ मध्ये ४२ कोटी डॉलर मिळाले, २०२४ मध्ये २५ कोटींच्या आसपास. न्यू मेक्सिकोसारख्या शेजाऱ्यांनी स्वतःची दुकानं थाटली, भाव पडले. शुल्क बाजारभावावर बेतलेलं, त्यामुळे भावाबरोबर तेही घसरलं. पण यंदा पैसा कमी आला तर एखादी इमारत पुढच्या वर्षावर जाते, कुणाच्या घरची चूल विझत नाही. मला या हिशेबातलं शहाणपण दिसतं ते इथेच.

आपल्याकडे जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं, वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील म्हणून. त्याच तिजोरीतून लाडक्या बहिणींना महिन्याला १५०० जातात. या दोन्हींची गाठ कागदावर नसेल, पण चहाच्या टपरीवर केव्हाच बांधली गेली. मला या गाठीची भीती वाटते. दर महिन्याला द्यायचा पैसा दारूवर टेकवला की दारू कमी खपावी असं सरकारला कोणत्या तोंडाने वाटेल?

मामांच्याच चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी आली आणि २०२१ ला उठली. उठवताना अवैध दारू, वाढलेले गुन्हे आणि बुडालेला महसूल ही कारणं पुढे आली. तो महसूल परत सुरू झाला खरा, पण त्यातला अमुक हिस्सा जिल्ह्यातल्या शाळेला किंवा व्यसनमुक्ती केंद्राला असं कुणी लिहून घेतलं नाही. सगळं मुंबईच्या तिजोरीत मिसळतं.

हे सगळं मी फोनवर सांगितलं. मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ते ठीक आहे बाबू. पण तुझ्या मामीचे पंधराशे बंद कर म्हणून कुठं लिहू नको बरं."