बहिणाबाई "आढळल्या नाहीत"

आप्पा आज संध्याकाळच्या एसटीने उतरले, घरात येऊन पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "तू तं म्हने नही शे. हाई काय मंग?"

बहिणाबाईंच्या कविता. जुनी प्रत, जाड पुठ्ठ्याची बांधणी, पहिल्या पानावर निळ्या शाईत दाखल क्रमांक. ते पुस्तक हातात धरून मला बोलता येईना. कारण पंधरा दिवसांपूर्वी "नाही" असं त्यांना मीच सांगितलं होतं.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, वाचनालय जिल्ह्याच्या गावाला. आप्पा पंचाहत्तरीच्या पुढचे, एसटीला तिकीट लागत नाही, पण जायचं-यायचं म्हटलं की सगळा दिवस जातो आणि गुडघे चार दिवस बोलतात. नातीला शाळेत कविता म्हणायची होती. म्हणून ते म्हणाले, मोबाईलमध्ये बघून दे, असलं तरच जातो. त्यांनी तरुणपणी तिथूनच हे पुस्तक आणून वाचलं होतं.

मी वेबसाईट उघडली. आधी संचालक मंडळाचे सत्काराचे फोटो, एकापाठोपाठ एक सरकणारे. आमच्याकडे रेंज एक काडी, ते फोटो उतरता उतरता चहा गार झाला. मग शोधायची चौकट सापडेना, ती लॉगिनच्या आत. का? पुस्तक आहे की नाही एवढं बघायला पासवर्ड कशाला? कसंबसं आत गेले, मराठीत "बहिणाबाई" टाकलं. नोंद आढळली नाही. "चौधरी" टाकलं. नोंद आढळली नाही. इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांनी करून पाहिलं. नाहीच.

जळगाव जिल्ह्यात. आसोद्याची लेक. जिच्या नावाचं विद्यापीठ आहे इथे.

आज आप्पांनी पुस्तक दाखवल्यावर मी पुन्हा बसले आणि अख्खी यादी पान पान खाली ओढत गेले. तेव्हा कळलं. मधल्या शेकडो नोंदी म्हणजे इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा चिवडा. कधीतरी कुणीतरी जुन्या फॉन्टमध्ये पुस्तकांची नावं टाइप केली, ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, न बदलता तशीच वेबसाईटवर चढवली. त्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट होता म्हणून तिथे मराठी दिसायचं. बाकी जगाला चिवडा. पुस्तक कपाटात नीट उभं आहे आणि वेबसाईटच्या लेखी ते जन्मालाच आलेलं नाही.

मला याचा फार राग येतोय. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, त्या ओव्या-कविता लिहून ठेवल्या आणि बहिणाबाई गेल्यावर, १९५२ साली, त्या छापून आल्या. म्हणजे कुणीतरी नीट लिहून ठेवलं म्हणून ती बाई आपल्यापर्यंत पोचली. आणि आपण काय केलं? तिचं नाव असं लिहिलं की शोधणाऱ्याला सापडू नये.

पैसे नाहीत, अनुदान वेळेवर येत नाही, हे मान्य. पण फोटो सरकवायला मिळाले ना पैसे? कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट आहे, न्यूझीलंडच्या एका वाचनालयाने करून घेतलं आणि जगाला खुलं केलं. आपल्या केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय नावाचं असंच सॉफ्टवेअर आहे. दोन्हींत देवनागरी चालते. जुन्या फॉन्टचा मजकूर बदलून देणारी साधनंसुद्धा आहेत, फक्त बदलल्यावर माणसाने एकदा नजर फिरवावी लागते.

दर १२ ऑगस्टला, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून रंगनाथनांच्या फोटोला आपण हार घालतो. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं लिहिली, त्यातलं चौथं आहे वाचकाचा वेळ वाचवा. आप्पांचे पंधरा दिवस गेले. नातीचा कार्यक्रम परवाच होऊन गेला. तिने दुसरीच कविता म्हटली.

हे लिहिता लिहिता एक सांगायचं राहिलं. आज आप्पा तिकडे गेले होते दवाखान्यासाठी, वाचनालयात सहज डोकावले. देवघेवीच्या टेबलावरच्या ताईंना त्यांनी पुस्तकाचं नाव सांगितलं, तर ताईंनी कॉम्प्युटरकडे पाहिलंसुद्धा नाही. उठल्या, स्टूल ओढलं, वरच्या फळीवरून काढून दिलं. एक मिनिट. सगळी तालिका त्या बाईंच्या डोक्यात आहे, आणि त्यांचा पगार किती असतो ते तुम्हाला माहीत आहे. माझा राग त्यांच्यावर अजिबात नाही. ती वेबसाईट करताना त्यांना कुणी एका शब्दाने विचारलं असेल असं मला वाटत नाही. आप्पांसारख्या एखाद्याच्या हातात मोबाईल देऊन, "पुस्तक शोधा" म्हणून कुणी शेजारी बसलं असेल असंही वाटत नाही. बसलं असतं तर पाच मिनिटांत सगळं दिसलं असतं.

वाचकाला लागतं किती? पुस्तक आहे का, आत्ता जागेवर आहे का, आज वाचनालय उघडं आहे का, माझं परत कधी करायचं आणि फोनवरून मुदत वाढवून मिळेल का. हे पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात, मराठीत द्या. सत्काराचे फोटो खाली राहू द्या, कुणाची ना नाही.

आप्पा आता ओट्यावर बसून नातीला त्यातलं वाचून दाखवताहेत, बोट ओळीखाली ठेवून. पुस्तक पंधरा दिवसांनी परत करायचंय. त्या दिवशी मी त्यांच्यासोबत जाणार आहे आणि ताईंच्या शेजारी बसून निदान बहिणाबाईंची नोंद तरी दुरुस्त करून येणार आहे, संचालक मंडळाने परवानगी दिली तर. जुना फॉन्ट बदलायचं काम कुणाला येत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. डबा मी आणते.