माती उडवायची, पण धूळ नको

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जैतापूरचा विषय निघाला की दोन तट पडतात. राजापूरचा माझा आतेभाऊ म्हणतो, सहा अणुभट्ट्या, ९,९०० मेगावॉट, पोरं मुंबईला पळायची थांबतील. त्याचीच सख्खी बहीण म्हणते, मासळी गेली, आंबा गेला, तर थांबून करायचं काय? करारमदार होऊन पंधरा वर्षं उलटली, भट्टी एकही उभी नाही, भांडण मात्र ताजं. आणि शेवटी दोघंही माझ्याकडे वळतात. भाऊ विचारतो, "ताई, तिकडे अमेरिकेत कोणी असा गळा काढतं का?" बहीण म्हणते, "तिकडे लोकांना विचारल्याशिवाय काही करत नाहीत, सांग ह्याला."

मी लास वेगासला राहते. शहराच्या वायव्येला, गाडीने तासाभराच्या अंतरावर नेवाडाचं अणुचाचणी क्षेत्र सुरू होतं. तिथे सरकारी बस नेऊन दाखवते. फुकट असते, पण महिनेन्‌महिने आधी नाव नोंदवावं लागतं. मोबाइल, कॅमेरा, दुर्बीण काही न्यायचं नाही. दिवसभराच्या फेरीत सगळे वाट बघत असतात ती सेडान विवराची. काठावर छोटा मंच आहे, तिथून खाली बघायचं. सुमारे ३९० मीटर रुंद, १०० मीटर खोल. वाटाड्या म्हणाला, चंद्रावर जाणाऱ्या अंतराळवीरांना इथे आणत असत. मला आपलं लोणार आठवलं. लोणार याच्यापेक्षा कितीतरी मोठं, पण ते आकाशातून पडलेल्या दगडाने केलं. हे माणसांनी अणुबॉम्बने केलं, ६ जुलै १९६२ रोजी, आणि तेही 'शांततेसाठी'.

गंमत नाही. 'प्लाउशेअर', म्हणजे नांगराचा फाळ, या नावाची सरकारी योजनाच होती. तलवारी मोडून त्यांचे फाळ करतील, या बायबलमधल्या वचनावरून ठेवलेलं नाव. बॉम्बने कालवे खणायचे, बंदरं करायची, डोंगर फोडून रस्ता काढायचा. कॅलिफोर्नियात रेल्वे आणि महामार्गासाठी २२ अणुस्फोटांनी डोंगर कापायचा आराखडा तयार झाला होता. पनामाला दुसरा कालवा हवा, तोही असाच. जेसीबीपेक्षा स्वस्त पडेल, असा हिशेब.

सेडानमध्ये १०४ किलोटनचा बॉम्ब १९४ मीटर खाली पुरला आणि सव्वा कोटी टनांच्या आसपास माती वर उडवली. बहुतेक ऊर्जा संमीलनातून, म्हणजे अणू फोडून नव्हे तर जोडून, येत असल्यामुळे बॉम्ब त्यातल्या त्यात 'स्वच्छ' म्हणायचा. पण खोच साधी आहे. पुरेसा खोल पुरला तर किरणोत्सर्ग जमिनीत अडकून राहतो, मात्र मग खड्डाही नीट होत नाही. खड्डा हवा तर वर आणून पुरायचा, आणि वर आणला की माती हवेत जाणारच. माती उडवायची पण धूळ नको, हे कुठल्याही कोकणी गवंड्याला विचारलं असतं तर त्याने हसून सांगितलं असतं. सेडानचे ढग आयोवा, साउथ डकोटापर्यंत गेले.

वाऱ्याच्या वाटेवर शेजारचं यूटा होतं. स्फोटातून निघणारं किरणोत्सारी आयोडीन-१३१ गवतावर पडतं, गाय ते खाते, दूध पोरं पितात, आणि ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. त्या जुलैतल्या स्फोटांनंतर यूटा विद्यापीठातल्या रॉबर्ट पेंडल्टन या प्राध्यापकाने स्वतः मोजमाप करून आरडाओरडा केला. मग राज्याने बरंचसं दूध बाजारात न पाठवता चीज करायला वळवलं. आयोडीनचा जोर आठ दिवसांत निम्मा होतो. चीज मुरत पडलं की तोवर ते निवतं. हा तोडगा मला फार आवडतो, अगदी स्वयंपाकघरातला आहे. पण तो सुचवायची वेळ आली ती मोजणारा माणूस स्फोट करणाऱ्यांच्या पगारावर नव्हता म्हणून.

अलास्काची गोष्ट बहिणीसाठी. पॉइंट होप नावाच्या, इनुपियाट या तिथल्या मूळ रहिवाशांच्या गावाजवळ बॉम्बने बंदर खणायचं, असं हायड्रोजन बॉम्बवाल्या एडवर्ड टेलर या शास्त्रज्ञाच्या मनात होतं. समुद्र वर्षातले बरेच महिने गोठलेला, बंदर कोणाला हवं होतं देव जाणे. गावाला आधी कोणी विचारलं नाही. १९६० मध्ये अधिकारी समजूत घालायला आले, तर गावकऱ्यांनी टेपरेकॉर्डर लावला आणि विरोध सोडला नाही. ज्या जीवशास्त्रज्ञांनी धोका दाखवला त्यांतल्या दोघांच्या विद्यापीठातल्या नोकऱ्या गेल्या. योजना शेवटी बारगळली. तरीही १९६२ मध्ये तिथे प्रयोगासाठी नेवाडाहून किरणोत्सारी माती नेऊन पुरली, त्यात याच सेडानची मातीसुद्धा होती. गावाला हे कळलं १९९२ मध्ये. तेव्हा 'विचारल्याशिवाय करत नाहीत' हे राहू दे.

आणि भावासाठी. गळा काढतात, चांगला काढतात. देशभरातलं वापरून झालेलं अणुइंधन नेवाडातल्या युक्का डोंगरात पुरायचं, असं संसदेने १९८७ मध्ये ठरवलं. नेवाडाने असा उभा दावा मांडला की तो डोंगर अजून रिकामा आहे. एकेकाळी इथल्याच हॉटेलांच्या गच्च्यांवरून लोक स्फोटांचे ढग बघायला जमत, त्या राज्याची ही गोष्ट.

आपणही त्या 'शांततेसाठी' या शब्दाच्या प्रेमात पडलो होतोच. १८ मे १९७४ चा पोखरणचा स्फोट आपण 'शांततामय' म्हणून जाहीर केला, खाणकाम आणि माती हलवण्याच्या कामाचा दाखला देऊन. माझे बाबा ते अभिमानाने सांगत. त्या बॉम्बने एक कालवा खणला नाही. १९९७ मध्ये त्या स्फोटामागचे शास्त्रज्ञ राजा रामण्णांनीच सांगून टाकलं की तो बॉम्बच होता. अमेरिकेने प्लाउशेअर योजनेत २७ चाचण्या केल्या, बंदर एकही झालं नाही. सोव्हिएत रशियाने कझाकस्तानात चागानला १९६५ मध्ये निदान एक तळं तरी केलं, त्याच्या काठावर अजून किरणोत्सर्ग मोजतात.

म्हणजे जैतापूर म्हणजे बॉम्ब, असं मी म्हणत नाही. बहिणीचा तो युक्तिवाद मला आळशी वाटतो. भट्टीचं सगळं कौशल्य आतलं आत ठेवण्यात असतं, सेडानचं सगळं कौशल्य बाहेर फेकण्यात होतं. पण 'तज्ज्ञ म्हणतात सुरक्षित आहे' हे भावाचं पालुपद ऐकलं की मला यूटातलं ते दूध आठवतं. तज्ज्ञ तेव्हाही होते. १९५० च्या दशकातल्या नेवाडातल्या स्फोटांमधून अमेरिकाभर किती आयोडीन पोरांच्या पोटात गेलं, याचा राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा अहवाल १९९७ मध्ये आला. तोवर ती पोरं आजोबा झाली होती.

भावाला मी एवढंच लिहिलंय: भट्ट्या जिथे व्हायच्या त्या माडबनच्या समुद्रातली मासळी आणि आसपासच्या गोठ्यांतलं दूध आज, भट्टी नसताना, कोणी मोजून ठेवलंय का? कंपनीने नव्हे, दुसऱ्या कोणी. राजापूरच्या कॉलेजात किरणोत्सर्ग मोजायचा एखादा मीटर आहे का, तेवढं जरा बघून सांग.