‘डायनासोर संपले, शेवाळ टिकलं’ : त्या फॉरवर्डला उत्तर

गेला आठवडाभर घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणे हिमालयात ताकाकिया नावाचं 39 कोटी वर्षं जुनं शेवाळ (मॉस) आहे. डायनासोर संपले, ते टिकलं. मग एक-दोन अंशांनी काय होणार, शास्त्रज्ञ उगाच घाबरवतात. शिवाय मूठभर शेवाळ शेकडो झाडांइतका कार्बन शोषतं, आणि ट्रेकला गेलात तर चिमूटभर आणून कुंडीत लावा, तेवढंच वाचेल. मी सोडून दिलं असतं. पण ताईनं सिक्कीमला निघालेल्या भाच्याला बरोबर डबी न्यायला सांगितली, तेव्हा राहवेना.

वय खरं आहे, मान्य. 2023 मध्ये ‘सेल’ या संशोधनपत्रिकेत चिनी आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तिबेटमधल्या ताकाकियाचा अभ्यास प्रसिद्ध केला, 39 कोटींचा आकडा तिथलाच. प्रखर अतिनील किरण सोसायचे, वर्षातले आठ महिने बर्फाखाली काढायचे, ही तिची ताकदही त्यातच नोंदली आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं एवढंच उचललं आणि पुढचं गाळलं. त्याच अभ्यासात दिलंय की तिथलं तापमान वर्षाला जवळजवळ अर्ध्या अंशानं वाढत होतं आणि ताकाकियाची व्याप्ती दर वर्षी सुमारे 1.6 टक्क्यांनी घटत होती, शेजारच्या इतर मॉसपेक्षा जास्त वेगानं. म्हणजे दहा वर्षांत साधारण सातवा हिस्सा गेला. शतकाअखेर तिला जगता येईल अशी जागा साऱ्या जगात 1000 ते 1500 चौरस किलोमीटर उरेल, असा त्यांचा अंदाज आहे. आपल्याकडचे एक-दोन तालुके, बस.

डायनासोरचं उदाहरण तर उलटच सांगतं: ताकाकिया टिकली ती वेळ मिळाला म्हणून. हिमालय कोट्यवधी वर्षांत वर आला, तितक्याच सावकाश ही वनस्पती थंडी आणि उन्हाशी जुळवून घेत गेली. ती मुदत आता तिला कोण देणार?

काका म्हणतात, वाड्याच्या भिंतीवरचं शेवाळ उन्हाळाभर वाळून पडतं आणि मृगाच्या सरीबरोबर हिरवं होतं, त्याला काय मरण! भिंतीपुरतं खरं आहे. पण मॉसच्या जगात सुमारे बारा हजार जाती आहेत. त्या भिंतीवरून बर्फाकाठच्या ताकाकियाचं भविष्य कसं काढता येईल?

कार्बनचं दोन ओळींत उरकतो. स्फॅग्नम मॉसच्या दलदलींत प्रचंड कार्बन साठलेला असतो, हे बरोबर. जेमतेम सेंटीमीटरभर उंचीच्या ताकाकियाचा त्या हिशेबाशी संबंध नाही.

आता कुंडी. मला खरा राग आहे तो या सल्ल्याचा. मुळात ओळखणार कशी? पानं बोटांसारखी चिरलेली, नाजूक; ती भिंगाशिवाय नीट दिसत नाहीत. 1861 मध्ये सिक्कीमच्याच नमुन्यावरून विल्यम मिटन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं ताकाकिया वंशातल्या एका जातीचं वर्णन केलं ते यकृतका (लिव्हरवर्ट, मॉससारखीच पण वेगळ्या गटातली वनस्पती) म्हणून, आणि ती मॉसच आहे हे पक्कं व्हायला 1990चं दशक उजाडलं. वनस्पतिशास्त्रज्ञ इतकी वर्षं चकले, तिथे ट्रेकर जे हिरवं दिसेल ते खरवडणार. त्यात बीजाणू धरलेली ताकाकिया फार थोड्या ठिकाणी सापडली आहे. बहुतेक ठिकाणी ती तुटलेल्या पानाफांद्यांतूनच पसरते, त्यामुळे खरवडलेली जागा पुन्हा भरेल या भरवशावर कुणी राहू नये. आणि चार हजार मीटरवर वाढणारी वनस्पती नाशिकच्या बाल्कनीत एप्रिलचे 38 अंश कशी काढणार? आणलेली चिमूट मरणारच.

सिक्कीममधल्या गोएचा ला या खिंडीच्या ट्रेकचा रस्ता कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानातून जातो. तिथून झाडपाला उचलणं हा गुन्हा आहे, हेही मेसेजमध्ये नाही.

हलवून वाचवायचा प्रयोग झालाय, पण तो असा: त्याच संशोधकांनी काही रोपं प्रयोगशाळेत वाढवली, तिबेटमध्येच निवडलेल्या जागी लावली आणि पाच वर्षं नजर ठेवली. त्यांतली काहीच टिकली.

ज्यांना हातभार लावायचाच आहे त्यांनी वेगळं काही दिसलं तर जवळून फोटो काढावा, जागा आणि उंची टिपावी आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या गंगटोक केंद्राला कळवावं. मेसेज ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी निदान कुंडीची ओळ चुकीची आहे, एवढं त्याच ग्रुपवर आजच लिहावं. सिक्कीमचा हंगाम सुरू होतोय.