शिक्षक शाळा का सोडतात? त्या व्हायरल मेसेजला उत्तर

नागपूरच्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'खासगी शाळांतले शिक्षक दर वर्षी बदलतात, कारण त्यांना फक्त पैसा दिसतो. सहा तासांचं काम, दोन महिने सुट्ट्या, तरी समाधान नाही. आपल्या वेळचे गुरुजी एकाच शाळेत तीस वर्षं काढायचे.' मी बेसा-मनीषनगर भागात शिकवते. वाचून राग आला, म्हणून एकेक मुद्दा घेते.

गुरुजी टिकायचे, हे खरंच. पण त्यांची शाळा बहुधा अनुदानित असायची. पगार सरकारकडून यायचा, पुढे पेन्शन होती. शिवाय 1977चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा सेवाशर्ती कायदा पाठीशी होता. कायम रिक्त पदावर नेमणूक झाली आणि दोन वर्षांचा परिवीक्षाकाळ (प्रोबेशन) नीट पार पडला की शिक्षक कायम. काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते. हा कायदा विनाअनुदानित मान्यताप्राप्त शाळांनाही लागू आहे, पण कितीतरी संस्थांनी त्यातून पळवाट काढली आहे. जूनअखेर शाळा उघडताना ऑर्डर द्यायची, एप्रिलअखेर कार्यमुक्त करायचं, पुढच्या जूनमध्ये पुन्हा नवी ऑर्डर. सलग दोन वर्षं कागदावर कधी भरतच नाहीत. ग्रॅच्युइटीचंही तेच. ग्रॅच्युइटी कायद्यातल्या 2009च्या दुरुस्तीनं शिक्षकांना 3 एप्रिल 1997पासून तो हक्क दिला, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती वैध ठरवली. पण सेवा तुटक दाखवली की तो मिळवायलाही भांडावं लागतं. दर उन्हाळ्यात नोकरी जाणाऱ्या माणसाकडून निष्ठा कुठल्या तोंडानं मागायची?

सुट्ट्यांचं उत्तर यातच आलं. अशा शिक्षकांना मे महिन्याचा पगारच नसतो.

सहा तास? शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकासाठी तयारीसह आठवड्याला किमान 45 तास धरले आहेत. वह्या, पेपर तपासणं, बस ड्युटी, गॅदरिंग, रात्री दहाला पालकांचे मेसेज, आणि काही शाळांत तर नव्या प्रवेशांसाठी घरोघर फिरणं. हे सगळं कोण मोजतं?

राहिला पैसा. तो महत्त्वाचा आहेच, त्यात लाजण्यासारखं काय? बँकेत एक रक्कम जमा व्हायची आणि त्यातले काही हजार रोखीनं परत द्यायचे, हा प्रकार शिक्षकांना चांगला ठाऊक आहे. पण कारण तेवढंच नाही. संशोधक रिचर्ड इंगरसॉल यांनी 2001 मध्ये अमेरिकेतले शिक्षक नोकरी का सोडतात, याचा अभ्यास मांडला. त्यात कमी पगारासोबत प्रशासनाचा तोकडा पाठिंबा, विद्यार्थ्यांच्या शिस्तीचे प्रश्न आणि निर्णयांत शिक्षकांना नसलेलं स्थान ही कारणं ठळक होती. इथंही तेच दिसतं. माझी एक सहकारी कमी पगारावर दुसऱ्या शाळेत गेली, कारण तिथल्या मुख्याध्यापिका पालकांसमोर शिक्षकांचा पाणउतारा करत नाहीत. आज ती खूश आहे.

पुढच्या प्रवेशाच्या वेळी फी आणि बसचा रूट विचाराल, तेव्हा आणखी दोन प्रश्न विचारा: इथले किती शिक्षक कायम आहेत, आणि त्यांना मेचा पगार मिळतो का?