फक्त टाइम बघायचा होता!

किती वाजले बघायला फोन उचलला, वीस मिनिटं कुणीतरी मळका गालिचा धुतोय ते बघत बसले आणि फोन ठेवल्यावर कळलं, वाजले किती ते बघितलंच नाही!! ३० मिनिटांचं लिमिट लावलंय हो, पण ते संपलं की तिथेच 'आजच्यापुरतं सोडा'चं बटण, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आणि ते न संपणारं स्क्रोल, २००६ मध्ये ते शोधून काढणाऱ्या अझा रास्किनलाच नंतर पश्चात्ताप झाला, आता मला काय त्याचं? पूर्वी निदान पान तरी संपायचं, तेवढ्यात भान यायचं. परवापासून चार्जर बाहेरच्या खोलीत ठेवलाय. काल रात्री दीड वाजता तिथेच भिंतीला टेकून उभी, वायर आखूड म्हणून मान वाकडी करून.