नवे प्राणी नाहीत म्हणून खेळाडू नाहीत? एका दाव्याचा प्रतिवाद

प्राणी पकडून लढवण्याच्या ‘पोकेमॉन’ या व्हिडिओ गेमच्या धाटणीवर चाहत्यांनी बनवलेल्या खेळांविषयी, म्हणजे फॅन-गेमविषयी, एक विधान पुन्हा पुन्हा फिरताना दिसते. त्याचा आशय असा : ‘फॅन-गेममध्ये स्वतःचे नवे प्राणी नसतील तर तो कोणी खेळणार नाही, कारण जुनेच पोकेमॉन पकडायचे असतील तर लोक मूळ खेळच खेळतील. ‘पोकेमॉन युरेनियम’ गाजला तो नव्या प्राण्यांमुळेच. शिवाय स्वतःचे प्राणी असले की कायद्याची भीती उरत नाही, आणि ते न बनवणे हा निव्वळ आळस आहे.’ हे विधान इतक्या सहजतेने उच्चारले जाते की नवखे निर्माते खेळाचा एकही नकाशा आखण्याआधी शंभर प्राण्यांची यादी करायला बसतात. त्यामुळे त्यातील प्रत्येक दावा सुटा करून तपासणे आवश्यक वाटते.

पहिला दावा, नव्या प्राण्यांवाचून खेळाडू येत नाहीत. हा दावा प्रत्यक्ष उदाहरणांपुढेच कोलमडतो. ‘पोकेमॉन रीबॉर्न’ या फॅन-गेमचा पहिला भाग २०१२ मध्ये आला आणि खेळ पूर्ण व्हायला २०२२ उजाडले, त्या दहा वर्षांत त्याचा चाहतावर्ग टिकला तो जुन्याच पोकेमॉनवर. त्याने दिले काय, तर पोकेमॉनच्या प्रत्येक प्रकारासाठी (पाणी, दगड, जमीन वगैरे) एक याप्रमाणे अठरा जिम, म्हणजे बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांशी लढण्याची ठिकाणे, आणि लढाई कुठल्या जागी होते त्यानुसार हल्ल्यांचे परिणाम बदलणारी व्यवस्था. ‘रॅडिकल रेड’ हा रॉम हॅक, म्हणजे अधिकृत ‘फायररेड’ खेळाची फाइल बदलून बनवलेला खेळ, त्याच्या कठीणपणासाठी ओळखला जातो. ‘अनबाउंड’ने नवा प्रदेश आणि नवी कथा दिली. ब्राउझरमध्ये चालणारा ‘पोकेरोग’ २०२४ मध्ये सर्वत्र पसरला तो लढायांची लांबलचक साखळी आणि हरलात तर पुन्हा पहिल्यापासून, या रचनेमुळे. या सगळ्यांत पकडायचे प्राणी मुख्यतः ओळखीचेच आहेत. ‘मग लोक मूळ खेळच खेळतील’ हे म्हणणे येथे लागू पडत नाही, कारण यांपैकी एकही गोष्ट मूळ खेळात मिळत नाही. मूळ खेळ लहान मुलालाही शेवटपर्यंत नेता येईल इतका सोपा ठेवलेला असतो. वीस वर्षे तोच खेळ खेळलेल्या प्रौढाला हवी असलेली झुंज मूळ खेळ बनवणारी कंपनी देत नाही, आणि फॅन-गेम नेमकी तीच पोकळी भरून काढतात.

खुद्द मूळ मालिकेचा इतिहासही या दाव्याच्या बाजूने उभा राहत नाही. २००४ चे ‘फायररेड’ व ‘लीफग्रीन’ आणि २००९ चे ‘हार्टगोल्ड’ व ‘सोलसिल्व्हर’ यांत एकही नवा पोकेमॉन नव्हता, तरीही ते उत्तम खपले. याउलट २०१० च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ या जोडीने १५६ नवे पोकेमॉन आणले आणि मुख्य कथा संपेपर्यंत जंगलात केवळ नवेच भेटतील असे ठरवले. फिरणाऱ्या दाव्याची याहून शुद्ध परीक्षा होऊ शकली नसती. चाहत्यांत यावरून सरळ दोन तट पडले आणि दोनच वर्षांनी आलेल्या पुढच्या जोडीत जुने प्राणी सुरुवातीपासून परतले. २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये नव्यांची संख्या अवघी ७२ होती, जुन्यांची मात्र रेलचेल होती. पुढे २०१९ मध्ये ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये सगळे जुने पोकेमॉन आणता येणार नाहीत असे जाहीर झाले, तेव्हा उसळलेला संताप नव्यांच्या कमतरतेबद्दल नव्हता; आपले जुने सोबती मागे राहतात याबद्दल होता.

यामागचे कारण केवळ स्मरणरंजन नाही, आणि या मुद्द्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पोकेमॉनची लढाई ज्ञानावर चालते. एकूण अठरा प्रकार आहेत आणि एका प्राण्याला एक किंवा दोन प्रकार असतात, म्हणजे एकेरी व दुहेरी मिळून १७१ जोडण्या शक्य आहेत. जिओड्यूड दिसताच खेळाडूला कळते की तो दगड आणि जमीन या दोन प्रकारांचा आहे, म्हणून पाण्याचा हल्ला त्याला चौपट लागेल. ग्यारॅडॉस ड्रॅगनसारखा दिसतो, पण तो पाणी आणि उड्डाण या प्रकारांचा आहे, हा अपवाद एकदा फटका खाऊन शिकला की जन्मभर विसरत नाही. प्रत्येक प्राण्याचा वेग किती, तो कुठल्या पातळीवर उत्क्रांत होतो, कुठले डाव शिकतो, हे अनुभवी खेळाडूच्या डोक्यात पक्के बसलेले असते. कठीण फॅन-गेमचा निर्माता या साठ्यावरच खेळ उभारतो. प्रतिस्पर्ध्याच्या संघात कोण आहे हे पाहून खेळाडू तीन चाली पुढचा विचार करू शकतो, म्हणूनच त्याच्यापुढे अवघड कोडे ठेवता येते. सगळेच प्राणी नवे असतील तर तोच कठीणपणा अंदाजपंचे ठरतो : हरल्यावर आपली चूक झाली असे वाटत नाही, माहितीच नव्हती असे वाटते. हा दोष संपूर्ण नव्या प्राण्यांच्या खेळांत दूर करता येतो, परंतु त्यासाठी सुरुवातीचा बराच भाग खेळाडूला शिकवण्यात घालवावा लागतो.

२०१० पासून रुजलेल्या ‘नझलॉक’ या खेळण्याच्या पद्धतीत हे आणखी ठळक दिसते. प्रत्येक भागात भेटणारा पहिलाच प्राणी पकडायचा आणि जो बेशुद्ध पडेल तो मेला असे समजून सोडून द्यायचा, एवढेच तिचे मुख्य नियम. गवतातून पहिल्यांदा कोण बाहेर पडले यावर येथे सगळा जीव टांगलेला असतो, पण तो आनंद किंवा ती निराशा होण्यासाठी समोरचा प्राणी कोण आणि तो पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असावे लागते. अनोळखी प्राणी निघाला तर खेळाडू फक्त खांदे उडवतो.

दुसरा दावा ‘युरेनियम’चा. त्यात दीडशेहून अधिक प्राणी होते आणि त्यांतील बहुतेक नवे होते, हे खरे. परंतु तो खेळ ऑगस्ट २०१६ मध्ये आला, म्हणजे ‘पोकेमॉन गो’ने जगभर धुमाकूळ घातल्यानंतर जेमतेम महिनाभराने, जेव्हा पोकेमॉन हे नाव जो तो घेत होता. त्यामागे सुमारे नऊ वर्षांचे काम होते, अणुऊर्जेशी निगडित एक नवा प्रकार होता आणि मूळ मालिकेपेक्षा गंभीर कथा होती. पंधरा लाखांहून अधिक डाउनलोडचे श्रेय यांपैकी फक्त प्राण्यांना कोणत्या आधारावर द्यायचे? नव्या प्राण्यांनी चित्रफितीत आणि स्क्रीनशॉटमध्ये लक्ष वेधले असणार, हे मी मान्य करतो. पहिल्या नजरेत कुतूहल जागवण्याचे काम नवा प्राणी चांगले करतो, आणि समोर काय आहे हे माहीत नसण्याचा बालपणीचा आनंदही तोच परत देऊ शकतो. दाव्यातील तथ्याचा अंश एवढाच. हे आकर्षण वाढवण्याचे एक साधन झाले. त्यावरून ती आवश्यक अट ठरत नाही. स्पर्धात्मक लढाया खेळणाऱ्या चाहत्यांच्या स्मोगॉन या ऑनलाइन समुदायाने चर्चा आणि मतदान करून घडवलेले पोकेमॉनही येथे आठवावेत. ‘पोकेमॉन शोडाउन’ या लढाईच्या संकेतस्थळावर ते अनेक वर्षे उपलब्ध आहेत आणि समतोलाच्या दृष्टीने अतिशय काळजीपूर्वक बनवलेले आहेत. तरीही खेळाडूंची मुख्य गर्दी अधिकृत पोकेमॉनच्या स्पर्धांतच असते.

तिसरा दावा कायद्याचा आहे आणि तो सर्वांत घातक आहे, कारण त्यावर विसंबून कोणी खरोखर अडचणीत येऊ शकतो. बहुतांश नवे प्राणी असलेला तो ‘युरेनियम’च पोकेमॉनचे खेळ प्रकाशित करणाऱ्या निंटेंडोच्या अमेरिकी कंपनीच्या वकिलांच्या नोटिसांनंतर काही दिवसांत अधिकृत डाउनलोडमधून काढून घ्यावा लागला. नाव, बोधचिन्हे, उरलेले जुने पोकेमॉन आणि खेळाची ओळखच दुसऱ्याची असताना प्राण्यांची नवी चित्रे ढाल कशी होणार? सर्व प्राणी स्वतःचे असलेल्या, रीतसर विकल्या जाणाऱ्या ‘पालवर्ल्ड’विरुद्धही सप्टेंबर २०२४ मध्ये निंटेंडो आणि पोकेमॉन कंपनीने टोकियोच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला, तो पेटंटांच्या उल्लंघनाचा होता. जुने पोकेमॉन वापरणे त्यामुळे सुरक्षित ठरते असे मात्र मुळीच नाही. ज्याला खेळ विकायचा आहे त्याने प्राण्यांसह नाव, संगीत, चित्रे, जग असे सगळेच स्वतःचे करावे, जसे ‘टेमटेम’, ‘कोरोमॉन’ आणि ‘कॅसेट बीस्ट्स’च्या निर्मात्यांनी केले. मग तो फॅन-गेम राहत नाही, आणि फॅन-गेमसाठी सांगितलेला नियमही त्याला लागू होत नाही.

आळसाच्या आरोपाला फार जागा देण्याचे कारण नाही. एका नव्या प्राण्याला समोरचे चित्र, पाठीमागचे चित्र, छोटे चिन्ह, वेगळ्या रंगाची आवृत्ती, आवाज, ताकद, वेग अशा सहा गुणांचे आकडे, डावांची यादी आणि पोकेडेक्समधील, म्हणजे खेळातील प्राणिकोशातील, नोंद लागते; दीडशे प्राण्यांसाठी याचा गुणाकार करून पाहावा. फावल्या वेळात, बिनपैशाचे काम करणारे दोन-चार जण हे तास कथेला, नकाशांना आणि लढायांच्या रचनेला देत असतील तर ती कामाची निवड झाली. शिवाय प्राणी स्वतः कल्पिले नाहीत म्हणून सर्जनशीलता नाही, हा निकष लावला तर १९८७ पासून चालत आलेली ‘मेगामी तेन्सेई’ मालिकाही आळशी ठरेल, कारण तिच्यातील गोळा करायचे बहुतेक जीव पुराणकथांतून आणि लोककथांतून घेतलेले आहेत.

उरतो तो मवाळ पर्याय : ‘निदान दहा-वीस तरी नवे हवेतच.’ यालाही पुरावा नाही. २०१४ च्या ‘इन्सर्जन्स’ या फॅन-गेमने जुन्याच पोकेमॉनना वेगळे प्रकार आणि वेगळे रूप देऊन ‘डेल्टा’ जाती केल्या. मूळ मालिकेने प्रादेशिक रूपांची अशीच कल्पना अधिकृतपणे आणली ती त्यानंतर, २०१६ मध्ये. ‘इन्फिनिट फ्युजन’ या फॅन-गेमने तर एकही प्राणी शून्यातून न घडवता कुठल्याही दोघांचे मिश्रण शक्य केले. त्यात डोके कोणाचे आणि धड कोणाचे याने फरक पडतो, म्हणून केवळ पहिल्या १५१ पोकेमॉनच्या जोड्या लावल्या तरी स्वतःशीच केलेली मिश्रणे धरून २२,८०१ प्राणी होतात. त्यांतील कित्येकांची चित्रे चाहत्यांनी हाताने काढली आहेत, आणि कासवासारख्या स्क्विर्टलच्या धडावर भुतासारख्या गेंगारचे डोके पाहून हसू येते ते दोघेही आधीपासून ओळखीचे आहेत म्हणूनच.